साहेब, आम्हाला डांबर कमी हवे आहे

प्रति,
मा. आयुक्त,
तसेच सहायक संचालक (नगररचना) आणि शहर अभियंता (पथ विभाग),
महानगरपालिका

विषय : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या रेखांकनातील अंतर्गत रस्त्याच्या ठरीव आडव्या छेदातून (म्हणजे रस्त्याच्या रुंदीत डांबर, पदपथ, गटार यांच्या ठरलेल्या मांडणीतून) आणि ओढ्यावरील पाईप मोरीतून सूट मिळणेबाबत.

महोदय,

सूट मागणारा अर्ज टेबलावर आला की 'यात यांचा फायदा काय?' हा प्रश्न तुमच्या मनात आधी येणार, आणि यायलाच हवा. सामासिक अंतर थोडे कमी करा, खुली जागा कोपऱ्यातल्या खड्ड्यात दाखवू द्या, रस्ता दीड मीटर आत घ्या, अशा अर्जांच्या शेवटी कुठेतरी एक जादा प्लॉट निघत असतो. म्हणून आधी हिशेब देतो. आमच्या अर्जाने विकता येईल अशी जमीन एक फूटही वाढत नाही. मुख्य अंतर्गत रस्ता नियमाप्रमाणे १२ मीटर धरला आहे, तो १२ मीटरच राहील. चटई क्षेत्र, पार्किंग, घरासमोर सोडायचे अंतर, १० टक्के खुली जागा, यांतल्या कशालाही हात लावलेला नाही. त्या १२ मीटरच्या आत डांबर कमी असावे, खालच्या ओढ्यात सिमेंटचे पाईप पडू नयेत आणि रस्त्यात येणारी जुनी चिंच वाचावी, एवढेच मागणे आहे.

अर्ज रीतसर दिलेला आहे. तरी हे पत्र जाहीर लिहितो, कारण हद्दीत नव्याने आलेल्या गावांमध्ये असे कितीतरी गट आज प्लॉट पाडण्याच्या रांगेत आहेत आणि सगळ्यांच्या हातात रस्त्याचा तोच एक नकाशा पडतो. जमीन उताराची असो की सपाट, काळी असो की मुरमाड, मधून ओढा वाहो की न वाहो.

आमची संस्था शिक्षक, एसटी कर्मचारी आणि बाजार समितीत काम करणाऱ्या माणसांची आहे. सगळ्यांनी मिळून शेत घेतले, बिनशेती केले, मोजणी आणली आणि ५८ प्लॉटचे रेखांकन दाखल केले. मी एसटीत चालक होतो, निवृत्तीनंतर सचिवपद गळ्यात पडले. अभियंता नाही, त्यामुळे तांत्रिक शब्द कुठे चुकला तर सांभाळून घ्या. पण रस्त्याच्या रुंदीवर बोलण्याचा थोडा अधिकार माझा आहे असे मला वाटते.

जागा अशी आहे. वर उत्तरेला डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, तिथून जमीन दक्षिणेकडे उतरत जाते आणि तळाला ओढा. मुख्य अंतर्गत रस्ता वरून खाली, साधारण २८० मीटर लांबीचा. पथ विभागाकडून मिळालेल्या नमुना छेदात मधे साडेसात मीटर डांबर, दोन्ही कडांना उंच कर्ब (काठाचे उभे दगड), त्यापलीकडे सव्वादोन-सव्वादोन मीटरचे पेव्हिंग ब्लॉकचे पदपथ आणि पदपथाखाली बंद पावसाळी गटार. बारापैकी बारा मीटर झाकलेले.

साडेसात मीटर हा आकडा इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांतून येतो. त्यांच्या हिशेबात एका लेनचा रस्ता ३.७५ मीटर, त्यावरची मधली पायरी ५.५ मीटर, दोन लेनचा ७ मीटर आणि दोन्हीकडे कर्ब असेल तर ७.५ मीटर. म्हणजे साडेसात मीटर डांबर हे दोन्ही दिशांनी सतत वाहने चालतील अशा रस्त्याचे माप आहे. आमच्याकडे ५८ घरे. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास दुचाक्यांची वर्दळ, एक-दोन शाळेच्या बस, गॅसची गाडी, कचऱ्याची गाडी. बाकी दिवसभर त्या रस्त्यावर कुत्री झोपतील.

आम्ही मागतो आहोत तो छेद असा : मधे ५.५ मीटर डांबर, दोन्ही बाजूंना १.८ मीटरचा पदपथ आणि उताराच्या बाजूला २.९ मीटरचा मातीचा, झाडांचा आणि पाण्याचा पट्टा. बेरीज १२. पदपथाची १.८ मीटर मोकळी रुंदी हीसुद्धा त्याच काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मानकात किमान म्हणून दिलेली आहे, म्हणजे चालणाऱ्याच्या वाट्याचे आम्ही काही खात नाही. उलट पदपथ सलग एका पातळीत ठेवणार आहोत. हल्ली उंच कर्बचा पदपथ केला की प्रत्येक फाटकासमोर गाडी चढवायला उतार काढावा लागतो, मधे विजेची डीपी, मधे केबलचा खांब, आणि आजीबाई शेवटी डांबरावरूनच चालतात. हे तुम्ही रोज पाहता.

आता बंबाचा प्रश्न, कारण पहिला आक्षेप तोच येणार. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. एसटी असो, बंब असो, टँकर असो, सगळे त्यात आले. दोन बस समोरासमोर आल्या तरी ५.२ मीटर होतात. साडेपाचात त्या एकमेकींना खेटून, आरसे सांभाळत, हळू जातील. हळू जाव्यात हाच हेतू आहे. शिवाय आमच्या छेदात कर्ब उंच नाही, कडा रस्त्याच्या पातळीत आहे, त्यामुळे वेळ पडली तर एक चाक पट्ट्यात उतरवता येते. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांना एसटी ३.७५ मीटरच्या एकेरी डांबरावरून जाते. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की आम्ही साईडपट्टीवर उतरायचो आणि पुढे जायचो. वसाहतीच्या खालच्या टोकाला दोन्ही आडव्या गल्ल्या जोडून वळसा पूर्ण केला आहे, त्यामुळे बंबाला मागे-मागे यावे लागणार नाही. पट्ट्यात ठरावीक अंतरावर खडी-मुरमाचे कप्पे ठेवले आहेत, पाहुण्यांच्या गाड्या तिथे लागतील. घरच्या गाड्या घरात, नियमाप्रमाणे.

आणि वेग. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा दिसला की पाय आपोआप दाबतो. चालकाला शिव्या देऊन त्यात फरक पडत नाही, डोळा जे पाहतो त्यावर पाय चालतो. उताराचा, २८० मीटर सरळ, साडेसात मीटर रुंद रस्ता दिला तर कॉलेजातली पोरे तिथे काय करतील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगाच्या गाडीने धडक दिली तर पायी माणूस वाचण्याची शक्यता ९० टक्के असते. वेग ४५ किंवा त्यापुढे गेला की ती निम्म्याच्याही खाली येते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत.

आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे. आधी रस्ता रुंद करायचा, मग एखादे मूल धडकले की नगरसेवकाकडे गतिरोधक मागायचा, मग तो रात्रीतून बेढब उंचीचा पडतो, मग रुग्णवाहिकेतला माणूस त्यावर आपटतो. त्यापेक्षा रस्ताच असा करा की गतिरोधक लागू नये. वळणांचेही तेच. कोपऱ्याची गोलाई मोठी दिली की गाडी तिसऱ्या गिअरवर वळते. आमच्या गल्ल्यांच्या तोंडाशी आम्ही गोलाई बंब वळेल इतकीच ठेवली आहे, त्याहून जास्त नाही.

पाण्याकडे येतो. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. १२ मीटर रुंद आणि २८० मीटर लांब रस्ता म्हणजे ३,३६० चौरस मीटर. ५० मिलिमीटरची एक जोराची सर त्यावर कोसळली तर १,६८,००० लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे सोळा-सतरा टँकर, तासा-दीड तासात उतारावरून ओढ्याकडे सुटणार. यात घरांच्या गच्च्या धरलेल्या नाहीत. आमच्या २.९ मीटरच्या पट्ट्याचे क्षेत्रफळ ८१२ चौरस मीटर. त्याच्यावर पडलेले चाळीस हजार लिटर तर तिथे थांबतीलच, शेजारच्या डांबरावरचे आणि पदपथावरचे पाणीही आधी त्यात येईल, मग पुढे जाईल.

तुमच्या उपअभियंत्यांनी तोंडी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो : काळ्या मातीत पाणी मुरत नाही. खरे आहे. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात, वर पाणी तळ्यासारखे साचते. पण आमच्याकडे काळ्या थराखाली मुरूम आहे. चाचणीचे खड्डे खणले तेव्हा सगळीकडे दीड मीटरच्या आत तो लागला. म्हणून पट्ट्यात चर मुरमापर्यंत खोल घ्यायचा, फोडलेल्या दगडाने भरायचा, वर वाळू आणि माती. उतार जास्त आहे तिथे मधे दगडी आडवे बांध, म्हणजे पाणी पायरी-पायरीने उतरेल. सगळा पाऊस मुरेल असा आमचा दावा नाही. भरून वाहिलेले पाणी ओढ्यातच जाईल, फक्त एकदम जाणार नाही आणि थोडा गाळ मागे सोडून जाईल.

डासांचे म्हणाल, तर डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी साचलेले पाणी लागते. दोन दिवसांत उतरणाऱ्या चरात ते होत नाही. उघडी गटारे गलिच्छ झाली ती त्यांत मैलापाणी सोडल्यामुळे. आमची मैलापाण्याची नळी वेगळी आणि बंद आहे, आणि एखाद्या सभासदाने स्वयंपाकघराचे पाणी पट्ट्यात सोडले तर काय करायचे ते संस्थेच्या पोटनियमात घालतो आहोत. शेजाऱ्यांशी भांडायला मी खंबीर आहे.

आता ओढा. मागणीतला सर्वांत जड भाग हाच आहे, हे मला माहीत आहे.

नकाशाप्रमाणे आमचा रस्ता ओढा ओलांडून पलीकडच्या गटाला भिडायला हवा आणि त्यासाठी आम्ही आमच्या खर्चाने मोरी बांधायची आहे. सुचवलेली मोरी म्हणजे ९०० मिलिमीटरचे दोन पाईप टाकून वर भराव. एका पाईपच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ०.६४ चौरस मीटर, दोन मिळून सव्वा चौरस मीटर. आमच्या हद्दीत ओढा चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल वाहतो, म्हणजे सहा चौरस मीटरची वाट. सहाची वाट सव्वावर आणायची, आणि तीही पाईप साफ असले तर. पहिल्या पुरातच त्यांच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या, प्लॅस्टिक आणि गाद्या अडकतात. मग भरावाचा रस्ता हा बांध होतो आणि वरच्या बाजूची घरे तलावात.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. कात्रजकडून येणारे पाणी वस्त्यांत आणि सोसायट्यांत घुसले, माणसे गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. त्यानंतर ओढ्यांच्या काठच्या भिंती, मोऱ्या आणि अतिक्रमणे यांवर पुष्कळ चर्चा झाली. आपल्या शहरातले ओढे त्याहून लहान आहेत, पण त्यांच्यावर होत असलेले काम त्याच वळणाचे आहे.

म्हणून मागणी अशी. तूर्त तिथे फक्त पायी आणि सायकलने जाण्यासाठी अडीच मीटर रुंदीचा, एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर जाणारा, मधे खांब नसलेला पूल बांधू द्या. वाहने वरच्या डीपी रस्त्याने जातील. पलीकडचा गट आज शेतीच आहे, तिथे ऊस उभा आहे.

यावर तुमचे नगररचनेचे लोक म्हणतील की प्रत्येक वसाहतीने असे तोंड बंद केले तर सगळी वाहने डीपी रस्त्यावर येतील आणि शहर तुकड्या-तुकड्यांचे होईल. बरोबर आहे. आमच्याच काही सभासदांना तर फाटक लावून घ्यायचे आहे, बाहेरचे कोणी येऊच नये असे वाटते. मी त्यांच्या बाजूचा नाही आणि तसे सभेत बोललो आहे. म्हणूनच १२ मीटरची पट्टी ओढ्याच्या पलीकडच्या हद्दीपर्यंत रस्ता म्हणून नकाशात कायम राहील. त्या पट्टीत फाटक, वॉचमनची केबिन किंवा गणपतीचे देऊळ उभे राहणार नाही, असे हमीपत्र नोंदवून देतो. उद्या पलीकडे घरे झाली आणि वाहनांसाठी जोड लागली, तर ओढ्याची पूर्ण वाट मोकळी ठेवणारा पूल होऊ द्या. त्यातला आमचा वाटा म्हणून आज पाईप मोरीवर खर्च होणारी रक्कम महापालिकेकडे अनामत ठेवायला संस्था तयार आहे.

गंमत अशी, की ओढ्याचे काठ नीट ठरलेले नसतील तर तो वळवायला, त्याची वाट बांधून काढायला परवानगी मागण्याची सोय आपल्या नियमावलीत आहे. मग जिथे काठ स्पष्ट आहेत तो ओढा आहे तसा राहू द्या, एवढी परवानगी त्याहून सोपी असायला हवी.

चिंचेचे लांबवत नाही. रस्त्याच्या मधोमध येणारे जुने झाड पन्नास वर्षांच्या वरचे आहे हे गावातले कोणीही सांगेल. राज्याच्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने तेवढ्या वयाचे झाड वारसा वृक्षात मोडते. रस्ता तिथे झाडाला वळसा घालेल, बुंध्याभोवती माती मोकळी राहील, आणि वळशामुळे वेग आणखी कमी होईल. यात कोणाचेच नुकसान मला दिसत नाही.

आता अधिकाराचा मुद्दा. डिसेंबर २०२०पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत प्राधिकरणाला स्वेच्छाधिकार दिलेला आहे. स्पष्टपणे दाखवता येईल अशी अडचण असेल तर लेखी विशेष परवानगीने मापांत बदल करता येतो. आरोग्य, आग, बांधकामाची आणि लोकांची सुरक्षितता मात्र बिघडता कामा नये. चटई क्षेत्र, पार्किंग आणि रस्त्याकडचे सामासिक अंतर यांत अशी सूट नाही. आम्ही त्या तिन्हींना हात लावलेला नाही, हे वर सांगितलेच. अशा परवानगीसाठी अधिमूल्य (जादा शुल्क) आकारता येते, हेही वाचले आहे. वाढीव बांधकाम नसताना ते कशावर मोजणार याची मला उत्सुकता आहे, पण आकारले तर भरू.

खरी अडचण अधिकाराची नसावी, भीतीची असावी असा माझा अंदाज आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याच्या रचनेची विहित मानके न पाळल्यामुळे कोणी दगावले किंवा अपंग झाले तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे छापील छेदावर सही करणे अभियंत्याला सुरक्षित वाटत असेल तर मी त्यांना दोष देणार नाही, माझ्याही लायसनला मी असेच जपत होतो. पण आम्ही मागतो ती मापे त्याच मानकांतली आहेत. साडेपाच मीटर तिथलेच, १.८ मीटर तिथलेच. आम्ही फक्त मोठ्या रस्त्याची ओळ सोडून लहान रस्त्याची ओळ धरा म्हणतो. नोंद फाईलवर आली, कारणे लिहिली गेली, अग्निशमन विभागाचा अभिप्राय जोडला, तर सही करणारा अधिकारी एकटा पडत नाही.

शिवाय या निर्णयातून माघार घेता येते. जागा १२ मीटर मोकळीच आहे. वाहने वाढली, आमचा अंदाज फसला, तर साडेपाचाचे साडेसात करायला एक उन्हाळा पुरतो आणि तो खर्च पहिली पाच वर्षे संस्थेचा, असे लिहून देतो. उलट दिशेने मात्र काही होत नाही. एकदा घातलेले डांबर काढून तिथे माती केलेली मी तरी माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्या डेपोच्या हद्दीत पाहिली नाही. पुढे हे रस्ते महापालिकेच्या ताब्यात यायचे आहेत. दुरुस्तीला २,१०० ऐवजी १,५४० चौरस मीटर डांबर असेल, हाही हिशेब पथ विभागाने करून पाहावा. पट्ट्यातला गाळ दरवर्षी पावसाळ्याआधी काढण्याचे काम ताबा दिल्यावरही संस्थेकडेच राहील.

तेव्हा विनंती अशी की नगररचना, पथ, मलनिस्सारण आणि अग्निशमन या चारही विभागांचे अधिकारी एकाच दिवशी जागेवर यावेत. आजवर प्रत्येक विभाग आपापल्या टेबलावरून बोलतो आणि आम्ही फाईल घेऊन जिने चढतो. शक्य असेल तर पावसाच्या दिवशी या, ओढा स्वतःच निम्मे बोलेल. बंब आणला तर फारच उत्तम; आम्ही चुन्याने साडेपाच मीटर आखून आणि गल्लीच्या तोंडाला दगड मांडून ठेवतो, तुमच्या चालकाने तो खालपर्यंत नेऊन वळवून दाखवावा. तो म्हणाला जमत नाही, तर रुंदीची मागणी त्याच दिवशी मागे घेऊ.

तिन्ही गोष्टींवर, म्हणजे छेद, पूल आणि चिंच, वेगवेगळा निर्णय द्यावा. एक मान्य नसेल म्हणून बाकीच्या दोन अडकवू नयेत. आणि नकार द्यायचा असेल तर तो 'नियमात बसत नाही' अशा एका ओळीत नको. बंब, पाणी की देखभाल, कुठे अडते ते लेखी कळवावे. आम्ही नकाशा बदलून पुन्हा येऊ. खडीकरण दिवाळीनंतर सुरू करायचे आहे, त्याआधी उत्तर मिळाले तर ठेकेदाराला थांबवता येईल.

कळावे,

आपला,
सचिव, नियोजित सहकारी गृहनिर्माण संस्था
(निवृत्त एसटी चालक)